दाजींचं ग्राफिक कार्ड

दाजी खुर्चीत बसत नसत, खुर्ची चालवत. उजवा पाय पुढे, डावा जरा उचललेला, आणि हात मांडीवर असले तरी बोटं कसल्यातरी गोल वस्तूभोवती धरल्यासारखी वाकलेली. लग्नाच्या पंगतीत वाढपी समोरून वेगाने येताना दिसला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. एसटीत तर बघायलाच नको. ड्रायव्हरने ब्रेक लावण्याआधी ते लावून मोकळे झालेले असत, आणि गाडी थांबली की माझ्याकडे वळून म्हणत, "उशिरा दाबला. कळलं का पाव्हणं? लई उशिरा दाबला."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि दाजींची केज ते बीड काळी-पिवळी जीप होती. आज ती जीप नाही, दाजीही नाहीत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मी इथे केजच्याच महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एका जागी बसून राहणं हा माझा धंदाच. पण ते गेल्यापासून मला बसवत नाही. पुस्तक उघडतो, पान संपतं, काय वाचलं ते आठवत नाही. उठून खिडकीशी जातो, परत येतो. हे लिहायला घेतलं तेही अशाच उठबशीत. आपली चुळबुळ माझ्यासारख्या बसक्या माणसाच्या अंगात ठेवून दाजी निघून गेले, असं वाटतं.

जीपमध्ये माझी जागा ठरलेली होती: पुढे, गिअरच्या दांड्याला गुडघा लागणार नाही अशा बेताने. मांजरसुंब्याच्या घाटात एखादा भरलेला ट्रक बाजूला सरकून वाट देई. दाजी पुढे निघत आणि हॉर्नवर दोन हलक्या टिचक्या मारत. इतक्या हलक्या, की मागे डुलकी लागलेल्याची मान हलू नये. मी एकदा विचारलं, "दाजी, पुढे निघाल्यावर कशाला हॉर्न?"

"त्यानं साईड दिली न्हाई का."

"मग हात दाखवायचा."

"हात दाखवला की तो आपल्या तोंडाकडं बगतो, आपण त्याच्या. दोघंबी अवघडतो. हॉर्न द्यायचा आन् निघायचं. त्याला कळतं."

पुढे रस्ता रुंद आणि सिमेंटचा झाला, लोकांच्या दारात मोटारसायकली आल्या, जीप भरेना. दाजींनी ती विकली आणि तहसीलसमोरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाईन सेंटर टाकलं. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. जीपवाला फॉर्म भरणार म्हणून लोक हसले. पण दाजींना अर्ध्या तालुक्याची तोंडं माहीत होती. कोण कुठल्या फाट्यावर उतरतो हे ठाऊक असल्यामुळे पत्ता विचारावाच लागत नसे. अडचण एकच होती, बसायची. सर्व्हर अडकला की दाजी उठत, शटरपर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. ऊसतोडीला निघालेलं एखादं जोडपं बाकावर गाठोडं घेऊन बसलेलं असे. ते आधी कम्प्युटरकडे आणि मग दाजींकडे बघत राही. बाई हळूच म्हणे, "बंद पडलंय का वो?" दाजी म्हणत, "पडलं न्हाई, गरम झालंय. मीबी झालोय."

त्यांची ही तगमग बघून वैशूने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्या कम्प्युटरवर गाड्या पळवायचा एक खेळ टाकून दिला. तेव्हा ती अकरावीत होती. डोंगर, घाट, दऱ्या, पाऊस, धुकं, सगळं होतं त्यात. पहिल्या दिवशी दाजींनी गाडी दरीत घातली आणि विचारलं, "ह्याचा क्लच कुठंय?" आठवड्याभरात ते त्या रस्त्यावर असे सुटले, की बाकावरची माणसं वळणावर झुकायला लागली. तेलगावकडचे एक म्हातारे दाखल्याला आले होते. ते टेबलाची कड धरून बसले आणि म्हणाले, "आरं हळू, हळू! घाटय पुढं!" दाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाबा, निवांत बसा. ह्या रस्त्यावर आजवर कुणी मेलेलं न्हाई."

वैशूने सुचवलं, खेळायचं स्टेअरिंग मिळतं, ते घ्या. दाजींनी संभाजीनगरला दुकानात ते हातात घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं. "गाडीचं वजन हाताला लागाय पायजे. हे पोळपाट फिरवल्यावाणी हाय." त्यापेक्षा कीबोर्डची बटणं बरी, निदान ती स्टेअरिंग असल्याचं सोंग करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि खेळात हॉर्नचं बटण असूनही ते कधी दाबत नसत. "खेळात साईड मागायची नसती. घ्यायची असती."

मग गाडीचं इंजिन बदलायला सुरुवात झाली. पडद्यावर चित्र रंगवण्याचं काम करणारा कम्प्युटरमधला भाग म्हणजे ग्राफिक कार्ड. साध्या मशीनमध्ये ते नावापुरतं असतं. दाजींनी पुण्याहून एक मागवलं. मग कार्डाला प्रोसेसर पुरेना, म्हणून प्रोसेसर. प्रोसेसर तापतो म्हणून पंखे. पंख्यांना, कार्डाला, सगळ्यांना वीज पुरावी म्हणून मोठा पॉवर सप्लाय, आणि केजची वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून इन्व्हर्टर. उत्पन्नाचा दाखला काढायला तालुक्यात एवढं मोठं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. प्रिंटरमधून कागद आला की दाजी तो फडफडवून म्हणत, "घ्या. धा मिनिटाचं काम, हिच्यात डोळा लवायच्या आत." दहा मिनिटं सर्व्हरमुळे लागत आणि यापुढेही लागणारच होती, हे त्यांना कुणी सांगत नसे.

वैशू सांगे. पुढे ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि होस्टेलवरच्या एका सीनिअर मुलीचा जुना लॅपटॉप तिने घेतला. त्यावर तोच खेळ. रविवारी दुपारी बाप केजहून आणि लेक पुण्याहून एकाच घाटात गाड्या लावत, कानाला हेडफोन, आणि भांडण सुरू.

"पप्पा, एका मर्यादेपुढे डोळ्याला फरकच कळत नाही. आणि तुमचा मॉनिटर जुना आहे. कार्ड कितीही भारी आणा, मॉनिटर दाखवणार तेवढंच."

"म्हंजे गाडी चांगली, रस्ता खराब म्हन की."

"तसंच."

"मग रस्ता करू." आणि पुढच्या महिन्यात नवा मॉनिटर आला.

वैशूच्या लॅपटॉपची ताकद बेताची. तिने चित्राचा दर्जा अगदी खाली आणून ठेवलेला. एकदा सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन आली तेव्हा दाजींनी तो पाहिला आणि त्यांना वाईट वाटलं. "तुजी झाडं पुठ्ठ्याची हायेत गं."

"झाडं बघायला येते का मी? रस्ता बघते."

"नुसता रस्ता काय बगायचा? घाटात झाडबी दिसाया पायजे."

हे त्यांनी थट्टेत म्हटलं नव्हतं. एकदा भरदुपारी त्यांचा मला ग्रंथालयात फोन आला, "पाव्हणं, असाल तसं या." काय झालं असेल या धास्तीने गेलो, तर दाजी पडद्यासमोर गाडी उभी करून बसलेले. खेळातली गाडी, एका कच्च्या वळणावर. त्यांनी ती जरा पुढे घेतली, मागे धूळ उठली, आणि तिरप्या उन्हात ती धूळ सोनेरी होऊन हळूहळू खाली बसली. "बगा," दाजी म्हणाले. पुन्हा गाडी पुढे, पुन्हा धूळ. "जुन्या कार्डात ही नुसती राखाडी दिसायची. ही आपल्या नेकनूरच्या पुढची हाय का न्हाई? सांजची?" आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, "धूळ बघायला पैसे घातले! अंगणात काय कमी पडली होती?" दाजींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि गाडी आणखी एकदा पुढे घेतली. मी पुस्तकांत आयुष्य घालवलं. छापलेल्या ओळीत उन्हाचा वास शोधणाऱ्या माणसाने त्या धुळीला काय म्हणायचं? मी ती पाहत बसलो.

खंडेनवमीला जीपची पूजा व्हायची तशी कम्प्युटरची व्हायला लागली. दरवर्षी लोक कम्प्युटरला बाहेरून हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. दाजींचं तेवढ्याने भागेना. "बोनेट उघडल्याबिगर इंजिनाला पूजा पोचती का?" म्हणून त्यांनी डब्याची एक बाजू स्क्रू काढून उघडली आणि अंगठ्याने थेट कार्डाच्या कडेवर कुंकू टेकवलं. मग लिंबांचा प्रश्न आला. गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घ्यायची असते. कम्प्युटरला चाकं नव्हती, पण कम्प्युटरच्या टेबलाला होती, छोटी, काळी, फिरती. दाजींनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला म्हणाले, "धरा मागून." आम्ही दोघांनी टेबल ढकललं. दोन लिंबं फुटली, तिसरं निसटलं, टेबल तिरकं झालं, मॉनिटर डोलला, आणि ताई पूजेचं ताट घेऊन ओरडली, "अहो, लाखाचं धूड पाडताय का?" मॉनिटर मी छातीशी धरला म्हणून वाचला. मशीन सुरू केलं तर आतून कर्रर्र आवाज. वैशू फोनवरून सांगायला लागली की काहीतरी जळलं असणार. दाजींनी कान लावला आणि म्हणाले, "जळलं न्हाई. पंख्यात झेंडूची पाकळी हाय." तीच होती.

गाडीबाबत त्यांचा एक सिद्धान्त होता. गाडी चढावर मागे पडली, की बोनेट उघडायचं. ड्रायव्हरकडे बघायचं नाही. ड्रायव्हर कधी चुकत नाही, गाडी सांगत असते आणि ड्रायव्हरने ऐकायचं असतं. वर्षानुवर्षं जीपवर हे खरं ठरत आलेलं. म्हणूनच दाजी जेव्हा वैशूकडून हरायला लागले, तेव्हा त्यांनी पुन्हा बोनेटच उघडलं.

आधी एखाद्या रविवारी हरले. मग सलग. वैशूचा तो जुना लॅपटॉप, पुठ्ठ्याची झाडं, आणि ती घाटातल्या शेवटच्या वळणावर त्यांच्या आतून निघून जायची. बटण दाबल्यावर पडद्यावरची गाडी क्षणभर उशिरा वळते, त्याला ही मंडळी लॅग म्हणतात. "लॅग हाय," दाजी म्हणत. "मी दाबतोय, ती वळत न्हाई." कीबोर्ड बदलला. मग रॅम वाढवली. इंटरनेटची तार खांबावरून थेट घरात घेतली. प्रत्येक नव्या भागाबरोबर एखादा रविवार बरा जाई, दाजी टेबलावर थाप मारून म्हणत, "बगा, आली का गाडी हातात?" आणि पुढच्या रविवारी पुन्हा हातातून जाई. ताई म्हणे, "कावून जीव काढताय त्या डबड्यासाठी?"  दाजी उठून शटरपर्यंत जात आणि परत येत.

याच दिवसांत चहाचा ग्लास ते दोन्ही हातांनी धरायला लागले होते. शर्टाचं वरचं बटण उघडं राहायला लागलं होतं. "गर्मी लई," ते म्हणत. तो उन्हाळा नव्हता, पण आम्हाला ते खटकलं नाही. दाजींना नेहमीच उकडायचं.

त्या दिवाळीला वैशू आली. फराळ झाल्यावर म्हणाली, "उठा पप्पा, बघू द्या तुमचा लॅग." ती त्यांच्या खुर्चीत बसली आणि खेळ सुरू केला. गाडी निघाली. घाटात बोट टेकवायच्या आत वळत होती, सरळ रस्त्यावर पाण्यासारखी जात होती, आणि वैशू हसत हसत म्हणत होती, "अहो, कसलं मशीन आहे हे! लोणी आहे लोणी!" मी दाजींकडे पाहिलं. ते तिच्या मागे उभे होते, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात. पहिल्यांदाच ते हलत नव्हते. पाय दाबला जात नव्हता, बोटं वाकलेली नव्हती. वैशूचंही हसू मग थांबलं. तिने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि मागे वळून पाहिलं नाही.

दाजींनी डब्याची उघडी बाजू लावायला घेतली. स्क्रू चिमटीत धरला, तो पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तो आत कुठेतरी गेला. ते माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "गाडीत काई न्हाई, पाव्हणं. डायवर बगाया लागंल."

लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आजार हातांपासून सुरू झाला होता आणि हळूहळू एकेक स्नायू निकामी करत वर सरकणार होता. औषधाने वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही, असं त्यांनी समोर बसवून सांगितलं. परतीच्या एसटीत दाजी खिडकीशी बसले होते. ड्रायव्हरने एका गावाजवळ करकचून ब्रेक लावला. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो दाबला गेला होता, पण ब्रेकनंतर.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दाजींनी आजवरचं सगळ्यात महागडं कार्ड मागवलं. घरात मोठं भांडण झालं. ताई रडली, मग चिडली. "डॉक्टर काय म्हणाले आणि तुम्ही काय करताय? तुमच्या हाताला काय होणारे त्या कार्डानं?" वैशू फोनवर होती. तिने मुद्दे मांडले, बापाला दुखावू नये म्हणून हळू आवाजात, पण मांडले: आधीचं कार्डच गरजेच्या वर आहे, या मॉनिटरवर नव्याचा फरक दिसणारसुद्धा नाही, एवढं कार्ड घेणारे लोक नुसतं असावं म्हणून घेतात. सगळं बरोबर होतं. दाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डायवर दुरुस्त व्हत न्हाई म्हनतो डॉक्टर. मग गाडी तरी एक नंबर पायजे का न्हाई?"

 वैशूने फोन ठेवला.

कार्ड आलं. विटेएवढं, जड. दाजींनी ते बसवायला मला बोलावलं. ते सांगत होते आणि माझे पुस्तकं हाताळणारे हात घाबरत घाबरत करत होते. "दाबा. भ्याचं काम न्हाई. टक् आवाज येईस्तर दाबा बे!" मला आयुष्यात ते कधी "बे" म्हणाले नव्हते. मेव्हण्याला म्हणतात का कुणी? टक् आवाज आला. मला बरं वाटलं, "बे"चंही.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ताई दारात धान्य निवडत होती, आमच्याकडे पाठ करून. तिकडे पुण्यात वैशू. खेळ सुरू झाला. दाजींचा उजवा हात बटणांवर होता, डावा निव्वळ टेबलावर टेकलेला. वैशूची गाडी पुढे, दाजींची मागे, नेहमीसारखीच. घाट आला. खालच्या वळणांवर ती आणखी पुढे गेली. मग शेवटच्या मोठ्या वळणावर, जिथे ती कायम आतून घुसायची, तिची गाडी जरा बाहेर सरकली. एवढीशीच. चाकं कच्च्यात गेल्यासारखी. दाजी आतून पुढे निघाले. त्याच वेळी त्यांचा डावा हात टेबलावरून उचलला गेला आणि बोटं कीबोर्डच्या कोपऱ्यावर आपटली, एकदा, आणि लगेच आणखी एकदा. हात घसरला, असं मला वाटलं. हल्ली तो घसरायचा. आवाज हेडफोनमध्ये होता, मला काही ऐकू आलं नाही.

गाडी शेवटच्या रेषेपलीकडे गेली. दाजींनी हेडफोन काढला आणि दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का? जिंकलो! कार्ड वसूल!" ताई मान न वळवता म्हणाली, "झालं एकदाचं." पण तिच्या सुपातला हात थांबला होता.

त्यानंतर ते वैशूबरोबर शर्यत खेळले नाहीत. कधी गाडी वळणावर उभी करत आणि धूळ बघत. खंडेनवमीला हट्टाने डबा उघडायला लावला आणि स्वतःच्या बोटाने कार्डाला कुंकू लावलं. उसाच्या गाड्या कारखान्यांच्या रस्त्याला लागल्या, त्या दिवसांत ते गेले. शेवटी श्वास पुरेना. खाटेवर पडूनही बाहेरून एखादं वाहन वेगाने गेलं की त्यांचे डोळे त्याच्याबरोबर वळणापर्यंत जायचे.

सेंटर आता ताई चालवते. तिला सगळे फॉर्म येतात. कधी शिकली ते आम्हाला कळलं नाही, पाठ करून बसलेली असतानाच शिकली असणार. गेवराईचा एक जण ते मोठं कार्ड घ्यायला तयार होता, फोन करत होता. ताईचंही ठरलं होतं: दाखले काढायला एवढं कशाला, देऊन टाकू. यंदा खंडेनवमीला वैशू आली तेव्हा ताई म्हणाली, "पूजेच्या आधी काढून ठेव ते कार्ड. उद्या न्यायला येईल तो."

वैशूने डबा उघडला. मी बॅटरी धरली. जुन्या कार्डावर कुंकवाचा गोल ठिपका होता, मला आठवत होतं. या कार्डाच्या कडेवर ठिपका नव्हता, थरथरत गेलेली लांब लाल रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वैशूने पेचकस खाली ठेवला.

ताई मागून बघत होती. म्हणाली, "मला एक सांग वैशू. तू शिकलेली आहेस, खोटं बोलू नको. ह्या कार्डानं झालं काय?"

"काही नाही, आई. जुन्यावरही गाडी तेवढीच पळत होती."

"मग ते जिंकले कसे?"

"मी साईड दिली." वैशू खाली बसली होती, त्या उघड्या डब्यासमोर. "आणि त्यांना ते कळलं होतं. पुढे निघताना त्यांनी हॉर्न दिला. दोनदा. पप्पा खेळात कधी हॉर्न देत नव्हते. माझ्या हेडफोनमध्ये आला, एकदम हलका."

मला त्यांचा तो डावा हात दिसला. टेबलावरून उचललेला. घसरलेला नव्हे. मी ते सांगितलं तेव्हा वैशूने नुसती मान हलवली, जणू तिला त्याची खात्री होतीच.

 मग ती म्हणाली, "मामा, त्याआधी किती रविवार मला वाटायचं, एकदा हरावं. पण कसं हरायचं? त्यांना लगेच कळलं असतं की पोरगी कीव करतेय. नवं कार्ड आलं म्हणून मला हरता आलं. सगळ्यांना सांगायला कारण होतं ना, त्यांनाही, मलाही."

ताई आत गेली. ती डोळे पुसायला गेली असं आम्हाला वाटलं. ती लिंबं घेऊन आली. खाली वाकून तिने एकेक लिंबू टेबलाच्या चाकांखाली सरकवलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "धर मागून. आणि मॉनिटर सांभाळ." आम्ही टेबल ढकललं. सगळी लिंबं फुटली.

वैशूने मशीन सुरू केलं. खेळ उघडला, स्पीकर लावला. गाडी त्याच कच्च्या वळणावर उभी होती. दाजींनी शेवटी तिथेच उभी केली असावी. ताईने कुंकवाचं बोट पुढे केलं आणि विचारलं, "हॉर्नचं बटण कुठलं?"

वैशूने दाखवलं. ताईने ते दाबलं, हलकेच, आणि पुन्हा एकदा.

बाहेर शटरशी एक माणूस दाखल्याचे कागद हातात घेऊन पाठमोरा उभा होता. मागून गाडी आली असं वाटून तो मागे न बघताच बाजूला सरकला.